गाडी स्लोवर टिकत न्हाई

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसायला लागल्या की आठ-पंधरा दिवसांत माझ्या दुकानात एक फोन येतो. उचलला तर पलीकडून कुणी 'हॅलो' म्हणत नाही. आधी थोडी खरखर होते, मग एका जुन्या मोटरसायकलचं इंजिन ऐकू येतं. संथ, जागच्या जागी चाललेलं. मिनिटभर तसंच चालतं आणि मग बाईमाणसाचा आवाज येतो, "आयकलं का भावजी? ह्यांनी इचारलंय, कसं वाजतंय?"

परवा हा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक बसलेलं होतं. मी काय उत्तर दिलं ते सांगतो, पण तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आधी सांगावा लागेल.

मी मिरजेचा. आमच्या घरात चार पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. भोपळा निवडण्यापासून खुंट्या बसवण्यापर्यंतची सगळी कामं माणूस बघून-बघून शिकतो. एक काम मात्र बघून येत नाही, ते जवारीचं. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं अगदी केसभर उतरता करायचा असतो. तो जमला तर तार टणकन वाजून मरत नाही, घुमत राहते. किती घासायचं हे कुठल्या पट्टीनं मोजता येत नाही. घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. आवाज कोंडल्यासारखा आला तर जवारी बंद म्हणतात, मोकळा गुंजला तर खुली. माझ्या हातची जवारी खुली असते असं लोक म्हणायचे. मी मान खाली घालून ते ऐकायचो, पण ऐकायचो नीट.

दत्ताजीची ओळख ह्याच कामातून झाली. तो कोरेगावजवळच्या एका वाडीचा. फौजेतून सुभेदार होऊन घरी आला आणि ऊस बघायला लागला. गावच्या भजनी मंडळाची वीणा दुरुस्तीला घेऊन तो आला आणि मी काम करत होतो तेवढा वेळ समोर बसून राहिला. एवढा वेळ कुणी बसत नाही. वीणा त्याच्या हातात दिली तेव्हा म्हणाला, "मला ह्यातलं कायबी आयकू येत न्हाई. तोफांनी कान खाल्ले. डावा पुरता गेला, उजवा नावाला हाय. मी तुझं तोंड बघत हुतो. मला असला कान पायजे, गड्या."

"कशाला?" मी विचारलं.

"गाडीला," तो म्हणाला.

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसलो होतो. बसायला जागाच नाही. सीट म्हणून पोळपाटाएवढी गादी, टाकी चिंचोळी, चाकं उंच आणि चिखलरक्षक चाकापासून हातभर वर. फौजेत दत्ता मोटरसायकलच्या कसरती करणाऱ्या पथकात होता. तिथल्या एका साहेबानं ही परदेशी गाडी कधीकाळी आणलेली, आणि जाताना त्याच्या हवाली केलेली. टाकीवरचं नाव घासून गेलंय. ह्या गाड्या पळवायला बनवतच नाहीत. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, मुळ्यांवरून उभ्याउभ्या न्यायच्या आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही, एवढाच खेळ. ट्रायल म्हणतात त्याला. कुणी आधी पोचला, कुणी नंतर, ह्याला काही किंमत नाही. पाय टेकला की हरलात.

मला हा खेळ पहिल्या दिवशीच समजला, कारण त्यात थांबण्याला मान आहे. स्वार एका दगडावर चाक चढवतो आणि क्षणभर तिथंच थांबतो, पुढचा दगड बघतो. त्या वेळी इंजिनानं आपणहून वर जायचं नाही आणि बंदही पडायचं नाही. रेस सोडल्यावर गाडी जी मंद चालत राहते, त्याला आपल्याकडचे मिस्त्री 'स्लो' म्हणतात. स्लो टिकला नाही तर बाकीची गाडी कितीही चांगली असो, ओढ्यात नेऊ नये.

दत्ताचा ओढा त्याच्या उसामागं आहे. ऊस उभा असेपर्यंत तिकडं गाडी जातच नाही. डिसेंबरात ऊसतोडीची टोळी येते, फड तुटतो, पाचट वाऱ्यावर उडतं आणि एका सकाळी पलीकडचं सगळं एकदम उघडं पडतं. ओढा, त्यातले काळे दगड, काठावरचं उंबर. तोडल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला पाणी सोडलं की वाटेचा पुन्हा चिखल होतो. मधले थोडे दिवस दत्ताचे. तेवढ्यात तो वरच्या बांधापासून उंबरापर्यंत पाय न टेकता एकदा जातो. शालन वहिनी, म्हणजे त्याची बायको, कमरेवर हात ठेवून काठावर उभ्या राहतात. बघणारे एवढेच, आणि मी.

मी पॅसेंजरनं जायचो. मिरजेहून सकाळी निघालेली गाडी रमतगमत कोरेगावला सोडते. डब्याच्या खिडकीतून त्या दिवसांत एक वास येतो, मळीचा. आंबूस, गोडसर, थोडा नकोसा. कारखाना दिसायच्या आधी तो येतो आणि स्टेशनवर उतरल्यावरही अंगावरच्या स्वेटरमध्ये राहतो. दत्ताच्या घरी पोचेपर्यंत उन्हं वर आलेली असत. अंगणात गाडी उभी, शेजारी पोत्यावर पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडून ठेवलेले, फौजी शिस्तीत, लहानापासून मोठ्यापर्यंत. आमची कामाची पद्धत ठरलेली होती. तो स्क्रू फिरवायचा आणि टाकीवर पालथा हात ठेवून माझ्या तोंडाकडं बघायचा. मी डोळे मिटून ऐकायचो. बरं वाटलं की मान हलवायची. तो तिथं थांबायचा.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात गाडीचं काहीतरी बिनसलं होतं. थंड असताना ती घोगरी, अडखळत चालायची. तापली की कधी रेस वरच राहायची, कधी एकाएकी बंद. कोरेगावच्या मिस्त्रींनी हात वर केले. पोरं हुशार, पण त्यांच्या हाताखालच्या गाड्यांना कार्बोरेटरच नसतो. एकानं तर सेन्सर कुठाय म्हणून विचारलं. गावानं खापर फोडलं पेट्रोलवर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये उसापासून केलेलं इथेनॉल असतं, ते जुन्या गाड्यांचं रबर खातं, असं ज्याच्या-त्याच्या तोंडी. दत्ताला ह्याची मोठी मौज वाटायची. "माजाच ऊस जातुया कारखान्याला, आन् त्योच येतुया माज्या गाडीचं रबर खायला," तो म्हणायचा. "घरचं जेवून घरचेच वासे मोजतुया ह्यो."

मी ऐकलं. मला तो घोगरा आवाज आवडला नाही. कोंडलेला वाटला, बंद जवारीसारखा. मी दत्ताला खुणेनं हवेचा स्क्रू उघडायला सांगितलं. थोडा. अजून थोडा. आवाज हळूहळू मोकळा झाला, अडखळणं गेलं, एक स्वच्छ टणत्कार यायला लागला. मी मान हलवली. ते ऐकून मला खरोखर आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. ह्या वयात माणसाला आपला हात अजून चालतो हे कळलं की जेवण जास्त जातं. वहिनींनी पिठलं केलं होतं आणि मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दुपारी दत्ता ओढ्यात उतरला. पहिले दगड ठीक गेले. तिसऱ्या दगडावर तो थांबला. क्लच दाबलेला, पायांवर उभा, मान पुढं. मी काठावरून बघत होतो. त्यानं रेस सोडली होती, पण इंजिन खाली आलं नाही. त्याला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. मला ऐकू येत होतं, पण ते वाईट आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. उलट मला ते सुरेल वाटलं. नेहमीच्या सवयीनं त्यानं क्लच सोडला आणि गाडीनं उसळी घेतली. तो उजव्या खांद्यावर दगडावर आपटला. गळ्याजवळचं हाड मोडलं. गाडी पाण्यात आडवी पडून तशीच वाजत राहिली. वहिनी साडी वर खोचून पाण्यात उतरल्या, आधी नवऱ्याला उठवलं, मग हँडलवरच्या बटणाला लाथ मारावी तसा पाय लावून गाडी बंद केली.

"माजंच चुकलं," दत्ता टांगलेल्या हातानं सगळ्यांना सांगायचा. "क्लच लवकर सुटला." मलाही त्यानं हेच सांगितलं.

खरी गोष्ट मला परत येताना पॅसेंजरमध्ये कळली. कळली म्हणण्यापेक्षा, माहीत होती ती समोर येऊन बसली. त्याआधीच्या पावसाळ्यात एक गायिका माझा तंबोरा परत घेऊन आल्या होत्या. फार अदबीनं म्हणाल्या, "उस्ताद, ह्या वेळी जवारी जरा तीक्ष्ण झालीये का?" मला ती बरोबर वाटत होती. माझी मुलगी शबाना माझ्यासोबत दुकानात बसते. तिनं ती घोडी घेतली, पुन्हा घासली आणि दोन दिवसांनी बाई खूश होऊन गेल्या. तेव्हाच समजायला हवं होतं. वरचे, बारीक आवाज माझ्या कानातून गेले होते. जे ऐकू येत नाही ते आवाजातच नाही असं धरून मी घासत होतो. तंबोरा उघडला तसाच मी दत्ताचा कार्बोरेटर उघडला. तंबोऱ्यानं फक्त एक बाई नाराज झाल्या होत्या. इथं माणूस दगडावर पडला. आणि ह्यापुढं कुणी विचारलं 'कसं वाजतंय', तर मी काय सांगणार होतो? जवारीवाल्याचा कान गेला ही बातमी मिरजेत एका दिवसात सगळीकडं होते.

मी कुणालाच सांगितलं नाही. दुकानात शेवटची तार शबानाला छेडायला लावू लागलो, पाठ दुखते म्हणून.

फेब्रुवारीत दत्ताचा हात गळ्यातून निघाला आणि फोन आला. हंगाम संपत आला होता, खोडव्याचं पाणी त्यानं हट्टानं लांबवलं होतं. जाणं भाग होतं. अंगणात वहिनी उभ्या होत्या, आणि ह्या वेळी अट घालून उभ्या होत्या. पुण्याचा कुणी शौकीन ती गाडी मागत होता, दिवाणखान्यात ठेवायला.

"आवं भावजी, माजं म्हननं सरळ हाय," त्या म्हणाल्या. "गाडी तापवायची. मग हात काढून घ्यायचा. मी चुलीवर च्या टाकल्यापासून गाळीस्तवर ती एकसारखी चालली पायजे. वर न्हाई, खाली न्हाई. चालली तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर पुण्याच्या मानसाला बलवा, मी सवता त्याला टेम्पोत गाडी चढवून देती."

दत्तानं माझ्याकडं बघितलं. "आयकलंस न्हवं?"

पहिल्या चहाला उकळी यायच्या आतच डाव फसला. रेस वर चढली, तिथंच लोंबकळली आणि मग इंजिन धापकन बंद पडलं. वहिनींनी चहा गाळला, आम्हाला दिला आणि म्हणाल्या, "दुसरा टाकती. बसा करत."

मग आम्ही रीतीनं बसलो. आधी हँडल ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं. रेसची केबल ताणली जात असेल तर आवाज बदलतो. बदलला नाही. मग स्लोचा जेट काढला, पितळेचा, दाण्याएवढा, त्याला सुईच्या टोकाहून बारीक भोक. माझ्या पेटीत सतारीची पोलादी तार होती, ती मी पुढं केली. दत्तानं हात धरला. "भोक मोटं हुईल. त्येला फुंकूनच साफ करायचं." फुंकला, उजेडाकडं धरून बघितला. मग प्लग काढला. त्याचं टोक तपकिरी असावं, ते पांढरट, राखेसारखं झालं होतं. "हवा जास्त जातीया," दत्ता म्हणाला. "स्क्रू मिटवला तरीबी जातीया. मंजे कुटनंतरी चोरून शिरतीया. कुटनं, ते तू सांग."

त्यानं प्लग बसवून गाडी पुन्हा चालू केली, मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. जुनी रीत आहे. आतला ठोका ऐकू आला, पिस्टनची खालीवर ऐकू आली. कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी नळीपाशी टोक नेलं. काही नाही. दोनदा नेलं. दत्ता माझ्या तोंडाकडं बघत होता. मी मान हलवली, इथून नाही.

"मग त्ये सूं करतंय त्ये काय हाय?" स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं.

दत्ताला प्रश्नच ऐकू आला नव्हता. मला प्रश्न ऐकू आला होता, सूं नाही.

वहिनी चहाचं गाळणं हातात घेऊन बाहेर आल्या आणि त्या गाळण्यानंच रबरी नळी दाखवली. "हितं. बारीक. चिलटासारकं." मग त्यांनीच भांडी घासायच्या साबणाचा फेस वाटीत करून आणला. माझ्या पेटीतला पॉलिशचा ब्रश घेऊन मी तो नळीवर सगळीकडं लावला. वरच्या बाजूला फेस तसाच राहिला. खालच्या बाजूला, बोटानंही सापडणार नाही अशा ठिकाणी, तो एकदम आत ओढला गेला आणि इंजिन अडखळून खाली आलं. तिथं नखाएवढी चीर होती. थंड असताना मिटलेली, तापली की उघडणारी. उसाच्या पेट्रोलनं केली की वयानं, ते आता त्या रबरालाच माहीत.

"कवापासनं आयकू येतंय तुला?" दत्तानं बायकोला हातानं खुणावून विचारलं.

"दिवाळीपासनं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ती तशीच बोलत असंल. तुमी दोगं एवडं कान लावून बसताय, त्यात मी कशाला बोलू?"

सांगलीत पंपदुरुस्तीच्या एका दुकानातून पेट्रोल सोसणारी नळी मी स्वतः जाऊन आणली आणि आठवड्यानं पुन्हा वाडीला पोचलो. मापात बसेना, म्हणून ती आतून तंबोऱ्याच्या कानशीनं घासली. त्या हंगामात माझ्या कानशीनं केलेलं नीट काम तेवढंच. पुन्हा वहिनींनी आधण ठेवलं. दत्तानं स्क्रू जरा मिटता ठेवला, आवाज पुन्हा घोगरा झाला. ह्या वेळी मी मान हलवली नाही, नुसता बसून राहिलो. पाणी उकळलं, साखर पडली, पत्ती पडली, दूध पडलं. इंजिन भजनातल्या म्हाताऱ्यासारखं आपल्या नादात घोगरं चालत राहिलं. वहिनींनी चहा गाळला आणि तीन कप आणले. एवढंच म्हणाल्या, "पुण्याच्या मानसाला फोन करा, न्हाई म्हनून."

ओढ्याकडं जाताना आम्ही दोघंच होतो. तो गाडी हातानं ढकलत होता. पायाखाली पाचट वाजत असावं. मला ते दिसत होतं. उंबराजवळ मी त्याला थांबवलं. त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "दत्ता, मला बारीक आयकू येत न्हाई. तू पडलास तवा मीच बिघडवली हुती गाडी. क्लचचं काय न्हवतं."

तो पुढं बघत राहिला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाला, "मला म्हाईत हाय. दोन सालं झाली, तूबी मानसाच्या तोंडाकडं बगून आयकतुयास. आमाला वळखू येतंय रं."

"मग गाडी माझ्या हातात कशाला दिलीस?"

"दुसऱ्या कुनाच्या तोंडाकडं बगू?" तो म्हणाला आणि किक मारली.

त्या दिवशी तो उंबरापर्यंत पाय न टेकता गेला. तिसऱ्या दगडावर जरा जास्तच थांबला, मला दाखवायला थांबला असावा. वहिनी काठावर येऊन उभ्या होत्या. मी गाडी बघत नव्हतो, वहिनींचं तोंड बघत होतो. त्या निवांत होत्या, म्हणून मीही निवांत होतो. दुसऱ्या दिवशी त्यानं खोडव्याला पाणी सोडलं.

हे सगळं मी मिरजेत आणलं नाही. दत्ताला सांगितलं ते दत्तापाशी राहिलं. दुकानात पाठ दुखतच राहिली, शबाना तारा छेडत राहिली, लोक माझ्या जवारीचं कौतुक करत राहिले आणि मी मान खाली घालत राहिलो. पुढचे दोन हंगाम फोन आला की मी इंजिन ऐकल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, "वहिनी, तुम्हाला सूं आयकू येतंय का?" त्या 'न्हाई' म्हणायच्या. "मग झ्याक हाय म्हणून सांगा." असं भागत होतं.

परवा फोन आला तेव्हा त्याच गायिका समोर बसलेल्या. नवा तंबोरा त्यांच्या मांडीवर होता, जवारी कशी झालीय ते मला विचारत होत्या. इंजिनाची धडधड फोनमधून यायला लागली. मी थोडा वेळ ऐकली. मला ठोका ऐकू येत होता, बाकी काही नाही. मग फोन शबानाच्या कानाला लावला. तिनं डोळे मिटले. पूर्वी मी मिटायचो तसेच.

"अब्बा, गाडी ठीक आहे," ती म्हणाली. "पण मागं चहा उकळतोय. उतू जाईल."

मी फोन परत घेतला आणि म्हणालो, "वहिनी, गाडी झ्याक हाय. च्या बघा, उतू चाललाय."

पलीकडं धावपळ झाली, भांडं वाजलं असावं. मग वहिनींचा हसरा आवाज आला, "बया, एवडं आयकू आलं व्हय तुमाला भावजी?"

गायिका तंबोऱ्यावर हात ठेवून माझ्याकडं बघत होत्या. शबाना खाली बघत होती.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो, दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मला न्हाई येत आता. पोरीला आलं. ह्या तंबोऱ्याची जवारीही तिनंच केलीय."